सीताबर्डीवर तीच पाटी पुन्हा लागली : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : परदेशातल्या हंगामी मजुरीच्या नावाखाली नागपुरात चाललेली लूट

महोदय, सविनय नमस्कार.

मी नागपूरच्या कळमना बाजारात एका अडत्याकडे २६ वर्षांपासून दिवाणजी आहे. काटोल तालुक्यात आमची साडेतीन एकर संत्र्याची बाग आहे, त्यातला अर्धा एकर आता आमचा राहिला नाही. याआधी चार अर्ज केले. ज्या कार्यालयांत दिले त्यांची नावं इथे घेत नाही, पण पोचपावत्या फायलीत जपून ठेवल्या आहेत. हे पाचवं पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे, त्याला कारण गेला गुरुवार.

गुरुवारी चष्म्याची काच बदलायला सीताबर्डीला गेलो होतो. ज्या माणसानं माझ्या मुलाला इटलीला धाडलं, त्याचं ऑफिस तिथल्याच एका इमारतीत तिसऱ्या माळ्यावर होतं. मागच्या मे महिन्यात त्याला कुलूप लागलं. आता रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत नवी पाटी लागली आहे. नाव वेगळं, फोन नंबर तोच. ‘इटली सिझनल वर्क, फळतोडणी, व्हिसा हमखास.’ जिन्यात दोन पोरं आणि एकाची आई बसली होती. मांडीवर प्लॅस्टिकची फाईल. मी विचारलं, कुठले रे? नरखेडचे. किती सांगितले? साडेसात लाख. माझ्याकडून साडेसहा घेतले होते. मी त्या बाईंना माझ्या मुलाचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भाऊ, आमचं अर्ध देऊन झालं आहे.”

त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणून हे पत्र.

मंत्री महोदय, १९८३ चा उत्प्रवास कायदा मी या वर्षभरात वाचून काढला. परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्या एजंटला तुमच्या मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्यानंही मजुराकडून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. म्हणजे ३५,४०० रुपये. माझ्याकडून ६,१४,६०० रुपये जास्तीचे गेले. आणि नोंदणीच नसलेल्या माणसानं हा धंदा केला तर शिक्षा काय? दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार! आमच्या अडतीवरच्या चहाचं महिन्याचं बिल यापेक्षा जास्त येतं. नवा कायदा आणतो म्हणून २०१९ ला मसुदा आला, २०२१ ला आला, २०२५ मध्ये पुन्हा एक आला. तेवढ्या काळात माझा मुलगा दहावी झाला, बारावी झाला, आयटीआय झाला, आणि फसवलाही गेला.

आमच्या बागेतला रिवाज सांगतो, म्हणजे माझा राग कशावर आहे ते कळेल. बहार तोडणीला आला की काम वीस दिवसांत आटपावं लागतं. फळ झाडावर ठेवलं तर गळतं, गारपीट झाली तर वर्ष संपलं. गावात तेवढे हात नाहीत. मग छिंदवाडा, बैतूलकडून टोळी बोलवावी लागते. मुकादमाला आधी उचल, जाण्यायेण्याचं भाडं आपलं, राहायला बागेतच जागा, चुलीला जळण. उचलीत माणसं वर्षानुवर्षं अडकतात, मुकादम हिशेबात खोट करतात, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आमच्या बाजूचं पाप झाकत नाही. पण मजुरानं काम मिळावं म्हणून मालकाला किंवा मुकादमाला पैसे मोजले, अशी एकही नोंद माझ्या २६ वर्षांच्या वह्यांत नाही. ज्याला हात हवे असतात तो खर्च करतो. मग माझ्या मुलानं तोडणीचं काम मिळवायला घरचं सोनं का मोडावं?

इटलीच्या शेतकऱ्यावर माझा राग नाही. त्याचंही दुखणं आमच्यासारखंच आहे. फळ तयार आहे, गावातली पोरं शहरात गेली, बाहेरून माणसं आणावी लागतात. तिथलं सरकार वर्षाचा कोटा ठरवतं. ठरलेल्या दिवशी मालकानं ऑनलाइन अर्ज करायचा, त्याला ते ‘क्लिक डे’ म्हणतात. अर्ज मंजूर झाला की ‘नुल्ला ओस्ता’ नावाची परवानगी निघते आणि तिच्यावर इथे व्हिसा मिळतो. हंगामी काम बारा महिन्यांत जास्तीत जास्त नऊ महिने. तिथे उतरल्यावर मालकाबरोबर करारावर सही झाली तरच राहण्याचा परवाना. मालक सहीला आलाच नाही, तर रीतसर व्हिसा घेऊन गेलेला माणूस बेकायदा होतो. सगळी मेख इथे आहे. कागद खरा आणि मालक खोटा. जून २०२४ मध्ये तिथल्या पंतप्रधान मेलोनी यांनी स्वतः या अर्जांतल्या गैरव्यवहाराची तक्रार माफियाविरोधी सरकारी वकिलांकडे केली. रोममध्ये जे कळलं, ते सीताबर्डीपर्यंत यायला किती वर्षं लागतात?

माझ्या मुलाला दिलेल्या पत्त्यावर बंद गोदाम निघालं. फोन कुणी उचलला नाही. दोन रात्री त्यानं स्टेशनवर काढल्या. पंजाबच्या पोरांनी त्याला जेवू घातलं आणि खाली दक्षिणेतल्या कालाब्रियाकडे पाठवलं. तिथे संत्र्याच्या आणि क्लेमेंटाइन नावाच्या छोट्या संत्र्यांच्या बागा आहेत. ज्याला आपण मुकादम म्हणतो त्याला तिथे ‘कापोराले’ म्हणतात. अशा मुकादमांविरुद्ध त्या देशानं २०१६ मध्ये कडक कायदा केला आहे, पण कागद नसलेला मजूर तक्रार करायला पोलिसांत जाणार कसा? याच भागातल्या रोसार्नोला जानेवारी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या फळतोडणी मजुरांवर छर्‍याच्या बंदुका चालल्या आणि गाव पेटलं होतं. हे सगळं मला मुलगा तिकडे गेल्यानंतर कळलं.

एक गोष्ट मात्र जाण्याआधीच कळली होती, आणि ती माझ्याकडून सुटली नाही, मी ती सोडून दिली. जून २०२४ मध्येच इटलीत आपल्या पंजाबच्या एका शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर टाकून दिलं, आणि तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये ठेवला. तो गेला. ही बातमी टीव्हीवर बघून माझी बायको म्हणाली होती, पोराला पाठवू नका. मी म्हटलं, तो भाग वेगळा, आपल्याकडे पक्के कागद आहेत. हे वाक्य मी बोललो. ते तिनं मला आजवर एकदाही ऐकवलं नाही.

तिची पोत गेली. अर्धा एकर गेला. तीन लाख शेकडा तीननं उचलले, त्याचं व्याज महिन्याला नऊ हजार. माझा पगार सोळा हजार. उरलेल्या सात हजारांत माझी साखरेची औषधं, घरभाडं आणि धाकटीची फी कशी बसवायची, हे दुसऱ्यांचे लाखांचे हिशेब जुळवणाऱ्या मला जमत नाही.

आता तुमच्या कामाकडे येतो. २ नोव्हेंबर २०२३ ला तुम्ही रोममध्ये करारावर सही केली. त्यात २०२३ ते २०२५ या वर्षांकरता भारतीय मजुरांसाठी कोटा राखून ठेवला होता, बिगरहंगामी कामांना १२,००० आणि हंगामी कामांना ८,०००. चांगला करार आहे, मी मनापासून म्हणतो. पण त्या आठ हजारांतली एक जागा काटोलच्या पोराला हवी असली तर त्यानं कुठल्या दारात जायचं होतं? तहसीलमध्ये विचारलं, रोजगार कार्यालयात विचारलं, कुणाला करार झाल्याचंच माहीत नव्हतं. एजंटला मात्र तारखेसकट पाठ होता. त्यानं तुमच्या सहीचा फोटो मोबाईलवर दाखवून माझ्याकडून पहिले पन्नास हजार घेतले. सही तुमची आणि वसुली त्याची.

दुसरीकडे कसं चालतं तेही पाहिलं. कॅनडाच्या शेतांवर हंगामी मजूर नेण्याची योजना १९६६ पासून आहे. ती मेक्सिको आणि कॅरिबियन देशांसाठी आहे, भारतासाठी नाही. तरी नागपुरात ‘कॅनडा सफरचंदतोडणी’च्या नावानं पैसे घेणारे आहेतच. मेक्सिकोत मजूर निवडायचं काम तिथलं श्रम मंत्रालय करतं, मधला दलाल नाही. भारतीय मजूर लागले तर कॅनडातल्या मालकाला वेगळ्या योजनेतून परवानगी काढावी लागते आणि भरतीचा खर्च मजुराकडून वसूल करायला बंदी आहे. तिथेही सगळं चांगलं नाही. मजूर एकाच मालकाला बांधलेला राहतो, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीनं २०२३ च्या भेटीनंतर ही पद्धत आधुनिक गुलामीची पैदास करणारी आहे असं म्हटलं. पण निवड सरकारनं करायची आणि खर्च मालकानं, हे जगात कुठेतरी चालू आहे. मग आपल्याकडे का नाही?

परदेशी कामाला जाणाऱ्यांची आपली सगळी तपासणी १८ देशांपुरती. आखात, मलेशिया वगैरे. तीही दहावी नापासांसाठी. माझा मुलगा बारावी पास, देश इटली. म्हणून त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, चाललास कुठे, मालक कोण? नागपुरात पासपोर्ट कार्यालय आहे, तिथे हजारो पासपोर्ट निघतात. पण ही तपासणी करणाऱ्या उत्प्रवासी संरक्षकाचं कार्यालय मुंबईत, आठशे किलोमीटरवर. पासपोर्ट घरापाशी आणि संरक्षण एका रात्रीच्या प्रवासावर, असं का?

पोलिसांकडे गेलो. कोणतं ठाणं ते सांगत नाही. साहेब म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीनं दिले, व्हिसाही मिळाला, मुलगा पोहोचलाही, मग फसवणूक कुठे झाली? दिवाणी दावा लावा. तुमच्या कायद्याचं नाव घेतलं तर म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं? प्रत्येक टेबलावर मला पुढचं टेबल दाखवलं गेलं. जमिनीचा फेरफार असो, पीकविमा असो, गारपिटीचा पंचनामा असो, चाळीस वर्षं आम्ही हेच बघतोय. कर्ज वसूल करायला मात्र सरळ आमच्याच दारात येतात.

आणि माझा मुलगा इटलीला गेला कशासाठी? बागेवर भागत नव्हतं म्हणून. आमचा चांगला माल बांगलादेशात जायचा. त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं, २०१९ मध्ये किलोला २० रुपये होतं ते २०२३ पर्यंत ८८ वर गेल्याच्या बातम्या आल्या. माल इथेच अडकला. कळमन्यात भाव पडला की चुरीला, म्हणजे बारक्या फळाला, कुणी हात लावत नाही, ती रस्त्याच्या कडेला ओतलेली मी पाहिली आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, शहराला संत्रानगरी म्हणतात, संशोधन संस्थाही इथेच आहे. आणि या जिल्ह्यातलं संत्र्याचं झाड ओळखणारं पोर परक्या देशात लपूनछपून संत्री तोडतं. शुल्काची बोलणी करणं दिल्लीचं काम, मजूर पाठवायचे करार करणं दिल्लीचं काम. दोन्हीकडे आमचंच घर बुडालं.

मला हवं ते एवढंच. त्या पाटीवर कारवाई करा, ती आज लागलेली आहे, फोटो आणि पैसे दिल्याच्या नोंदी मी द्यायला तयार आहे. माझ्या मुलाला आणि त्याच्यासारख्यांना वकिलातीनं कागद मिळवून द्यावेत किंवा दंड-बंदीशिवाय घरी आणावं. आठवड्यातून एक दिवस तरी तुमचा अधिकारी नागपुरात बसावा. आणि नरखेडच्या त्या बाईंचे उरलेले पैसे जायच्या आत हे व्हावं.

परवा रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. चौदा महिने झाले. ओल्या मोज्यांत हात राहून बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आहेत, कात्रीच्या कडेनं अंगठ्याला घट्टा आला आहे. आई बघेल म्हणून हात खाली घेत होता. एक फळ सोलून दाखवलं, म्हणाला, बाबा, यायची साल आपल्यासारखी ढिली नाही. मग म्हणाला, “आंबिया बहाराचा ताण देल्ला का? पाणी बंद केलं का नाही?” मी म्हटलं, केलं. केलं नव्हतं. बागेकडे जाऊन मला महिना झाला होता. सोमवारी पहिल्या एसटीनं गेलो आणि मोटार बंद करून आलो.

आपला,
कळमना बाजारातला एक दिवाणजी
नागपूर