सरकत्या खोलीच्या विजेविषयी

जळगाव,
दि. १२ मे

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. मोटारहोमची (राहण्याच्या गाडीची) भिंतीतून बाहेर सरकणारी खोली वीतभर बाहेर येऊन अडते, बटण दाबून धरले की भिंतीमागे रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) टिकटिक सुरू होते, त्याच वेळी आतले दिवे मिणमिणतात आणि पाऊण तास थांबून पुन्हा दाबले तर आणखी वीतभर सरकते, हे तू इतके नेमके लिहिले आहेस की अर्धे निदान तिथेच झाले. मेकॅनिक मोटार बदलायला सांगतो आहे, त्याला तूर्त थांबव. जळालेली मोटार विश्रांती घेऊन बरी होत नाही.

दिवे आणि टिकटिक या दोन खुणा एकत्र धर. रिलेच्या कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) पुरेसा दाब, म्हणजे व्होल्टेज, मिळाला की ती ओढली जाते, मोटारीला प्रवाह मिळतो, त्या ओढीने दाब कोसळतो, कॉइल सुटते, मोटार बंद होताच दाब पुन्हा चढतो आणि कॉइल पुन्हा ओढली जाते; हे चक्र सेकंदात अनेकदा फिरते, म्हणून टिकटिक. दोष रिलेच्या पुढे, मोटारीच्या तारेत असता तर दिव्यांना त्याची झळ लागली नसती. ज्या अर्थी दिवे आणि कॉइल दोघांचाही दाब एकदम पडतो, त्या अर्थी दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे, म्हणजे बॅटरी, तिची टर्मिनले, मुख्य केबल किंवा अर्थिंग (निगेटिव्हची चासीशी जोडणी). टिकटिक नसती, नुसती मोटार घुमून दिवे मंद झाले असते, तर मी आधी रुळात काही अडकले आहे का ते पाहायला सांगितले असते. आणि काहीच आवाज नसता तर फ्यूज, बटण आणि हँडब्रेकचा इंटरलॉक (हँडब्रेक लावल्याशिवाय खोली सरकू न देणारी जोडणी).

बारा व्होल्टच्या कामात लोक फसतात ते प्रवाहाच्या आकड्यामुळे. घरातला ७५ वॅटचा पंखा २३० व्होल्टवर अँपिअरचा जेमतेम तिसरा हिस्सा घेतो; तेवढीच शक्ती १२ व्होल्टवर हवी असेल तर सहा अँपिअरहून अधिक लागतात, आणि अख्खी खोली ढकलणारी मोटार तीस अँपिअर सहज ओढते. वाटेत एखाद्या गंजलेल्या जोडात ०.१ ओहम इतका क्षुल्लक रोध असला, तरी तीस अँपिअरला तिथे तीन व्होल्ट खर्ची पडतात आणि बारातले नऊच पुढे जातात. प्रवाह नसताना मात्र तोच जोड मीटरला पूर्ण १२.६ दाखवतो. म्हणून बटण न दाबता घेतलेल्या मापावर विश्वास ठेवू नकोस. मेकॅनिकने मीटर लावून ‘सप्लाय तर बरोबर आहे’ म्हटले असेल, ते याच कारणाने.

आता मोजायचे कसे ते सांगतो. सकाळी, चार्जर रात्रभर बंद ठेवून, बॅटरी पाहा: १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी. मग वहिनींना बटण दाबायला सांग आणि मीटरच्या सुया क्लॅम्पवर न टेकवता थेट शिशाच्या खांबांवर टेकव. तिथेच दाब दहाच्या खाली गेला तर बॅटरी संपली आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सेलमधले पाणी किती भराभर आटते हे तुला ठाऊकच आहे. खांबांवर बारा टिकून असतील तर काळी सुई निगेटिव्ह खांबावर ठेव, लाल सुई पॅनेलच्या निगेटिव्ह पट्टीवर, आणि पुन्हा बटण दाबायला लाव. दोन-तीन दशांश व्होल्ट दिसले तर ठीक. एकाहून अधिक दिसला तर चोर सापडला. पॉझिटिव्हच्या बाजूलाही, खांबापासून रिलेमध्ये प्रवाह शिरतो त्या टोकापर्यंत, हेच कर.

माझा संशय अर्थिंगवर आहे. चासीच्या आडव्या पट्टीवर जिथे काळी केबल बोल्टने आवळली आहे, तो नट सैल करून लग (केबलच्या टोकाचा भोक असलेला तुकडा) उचलून पाहा. वॉशरखाली रंगाचा थर तसाच असेल आणि तांब्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली असेल, तर पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घास, दातेरी वॉशर घालून आवळ, आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लाव. हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायला विसरू नकोस. केबलची जाडीही बघ. जाऊन-येऊन बारा मीटरच्या वाटेवर ४ चौरस मिलिमीटरची तार तीस अँपिअरला दीड व्होल्टहून अधिक खाते. १६ ची तार चार दशांशावर भागवते. गाडी बांधणाऱ्यांनी सोफ्याच्या कापडावर जेवढा खर्च केला, त्याचा दहावा हिस्सा केबलवर केला असता तर बरे झाले असते, पण ते असो.

पाऊण तासाची गोष्ट उरली. मोटार कमी दाबावर रखडत चालते, प्रवाह जास्त वेळ वाहतो, आणि उष्णतेवर चालणारा ब्रेकर तापून सुटतो, म्हणजे वीज तोडतो; पाऊण तासात निवला की पुन्हा जोडला जातो. त्यात तुमच्या शहाद्याचा मे महिना आणि फरशीखालची कोंदट जागा, म्हणजे तो नेहमीपेक्षा लवकरच सुटणार. त्याच्या जागी मोठा ब्रेकर बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नकोस, कारण मग ब्रेकरऐवजी तार तापेल.

तुझी गाडी बसच्या चासीवर बांधलेली आहे, म्हणजे इंजिनाची बाजू २४ व्होल्टची. खोलीचे १२ व्होल्ट त्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच काढलेले नाहीत ना, हे तपास. तसे असेल तर ती एक सतत उपाशी राहते आणि दुसरी अतिचार्ज होऊन खराब होते. इंटरलॉकचा रिले बदलावा लागला तर कॉइल किती व्होल्टची आहे ते त्यावर वाचूनच आण.

तोवर खोली अर्धवट बाहेर ठेवून तोरणमाळचा घाट चढायचा विचारही करू नकोस. गाडी सपाट जागी उभी कर, वीज तोड, खोली ढकलणाऱ्या मोटारीचा (गाडीचा नव्हे) ब्रेक मोकळा कर आणि हँडलने खोली सावकाश आत घे. दोन्ही कडा सारख्या सरकत आहेत ना, यावर एकाने बाहेरून नजर ठेवावी. तीन मापे (बॅटरीच्या खांबांवरचे, निगेटिव्ह वाटेचे आणि पॉझिटिव्ह वाटेचे) मला फोनवर सांग. त्यावरून केबल किती जाडीची आणि लग किती भोकाचे हे ठरवून इथल्या बाजारातून घेतो आणि शहाद्याच्या एस.टी.ने पार्सल करतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रभाकर