चि. ऋतुजास पत्र

चि. ऋतुजा,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास. आईला म्हटलं, रेंज गेली. एमआय-17 ची जागा घेणाऱ्या 13 टनी हेलिकॉप्टरचा मुख्य गिअरबॉक्स तुझ्या गटाकडे आला, हे सांगायला तू फोन केलास आणि मी अभिनंदन सोडून 'सह्या जपून कर' हेच बोलत बसलो. तर आधी शाबासकी. आप्पांच्या फोटोसमोर पेढे ठेवलेत. त्याच हेलिकॉप्टरच्या अरवली इंजिनाची बातमीही कापून ठेवली आहे.

आता पुन्हा तेच बोलणार नाही असं ठरवलंय. पण बाळा, इंजिनं दोन असतात, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर उतरता येतं. गिअरबॉक्स एकच. आमच्या हवाई दलाच्या एमआय-26 हेलिकॉप्टरची दोन इंजिनं प्रत्येकी 11,400 अश्वशक्तीची, ती सगळी ताकद त्या एका पेटीतून आठ पात्यांना जायची, तेव्हा 20 टन उचललं जायचं. चंदीगडला मी गिअरबॉक्सच्या तेलातले धातूचे कण धरणारा चुंबकी प्लग काढून पांढऱ्या फडक्यावर पुसायचो. करडा लेप आला तर ती रोजची झीज. एका सकाळी केसासारखी चकाकणारी कपची निघाली, म्हणजे आत काहीतरी तुटत असणार. लेहचं सामान भरून तयार, सगळे माझ्या फॉर्म-700 कडे, म्हणजे उडायला योग्य अशी सही करायच्या नोंदवहीकडे, बघतायत. मी सही केली नाही. पायलटने मुकाट्याने हेल्मेट काढलं. तू तेव्हा बालवाडीत होतीस, त्या रात्री तापाने फणफणलेली, आणि मी हँगरमध्येच. आईने ते अजून विसरलेलं नाही.

तुमच्याकडे कोणी घाई करत नाही म्हणालीस, ते मान्य. पण 5 जानेवारी 2025 ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर पडलं, तिघं गेले, पात्यांचा कोन बदलणारी स्वॉशप्लेट तुटल्याचं निघालं. तेव्हापासून तुझ्या कामाचं नाव निघालं की माझ्या पोटात गोळा येतो. शंका असेल तर सही करू नकोस. कोणी कितीही मोठा समोर उभा असो. झालं, पुन्हा भाषण सुरू. रागावू नकोस.

मेतकूट आणि गोडा मसाला दादाबरोबर पाठवतोय. जेवणाच्या वेळा सांभाळ. आणि एक विचारायचं राहिलं: तेल पूर्ण गेलं तरी गिअरबॉक्स 30 मिनिटं चालला पाहिजे, ती चाचणी तुम्ही कधी घेणार? तेवढं कळव.

तुझा,
बाबा