खाटेखालचा शेरू

अनगोळ, बेळगाव
पाडव्याचा दुसरा दिवस

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शेरू दिवसभर खाटेखाली बसतो, पाहुणा आला की जागेवरच मुततो, आणि तुझ्या मेहुण्यानं "चार रट्टे दे, आपोआप सरळ होतंय" असा सल्ला दिलाय म्हणे. मेहुण्यांना माझा नमस्कार सांग आणि शेरूपासून लांब बसव. मारलेलं भित्रं कुत्रं धीट होत नाही. गुरगुरलं की मार बसतो एवढंच ते शिकतं, मग गुरगुरणं सोडतं आणि एक दिवस न सांगता चावतं.

आमच्या काशी कुत्रीबद्दल फोनवर तुटक तुटक सांगत आलोय, आज सगळं लिहितो.

ती आली गोकाककडच्या एका उसाच्या मळ्यावरून. मुधोळ जातीची, निदान बारा आणे तरी. मुधोळच्या घोरपडे सरकारांनी जोपासलेली ही शिकारी जात, २००५ साली टपाल खात्यानं तिकिटावरही छापली. आणि आमच्या बाईसाहेब कुकरची शिट्टी झाली की थेट न्हाणीघरात, बंबामागं! शेजारच्या आक्कांनी लगेच निकाल देऊन टाकला, "हे कसलं शिकारी ओ, उंदीर बघून पळंल की हे."

पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की पुढचे दोन-अडीच महिने ते जगाची ओळख करून घेत असतं. त्या वयात माणसं, गाड्या, भांड्यांचा आवाज, पोरांचा दंगा हे सगळं धाक न दाखवता समोर आलं तर जन्मभर नेहमीचंच वाटतं. काशीनं त्या वयात ऊस, साखळी आणि एक माणूस एवढंच बघितलेलं. त्यात ही जातच परक्यानं अंगाला हात लावलेला खपवून न घेणारी. म्हणून शेरू हट्टी आहे, नाटकं करतो, हे आधी डोक्यातून काढ. आणि एकदा डॉक्टरांना दाखवून घे. कान किंवा कंबर दुखत असेल तरी कुत्रं दचकायला लागतं; दुखणं तसंच ठेवून शिकवत बसण्यात अर्थ नाही.

आता मुख्य गोष्ट. भीती मोजायचं माप घरातच आहे: तो खातोय का? उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकासमोर धरूनही तोंड फिरवत असेल, तर ज्याची भीती वाटते ते फार जवळ आलंय. अशा वेळी तो काही शिकत नसतो, फक्त सुटका कशी होईल ते बघत असतो. मागं सरक. जिथं त्याला ती वस्तू दिसते तरीही तो खातो, ती तुझी शाळा.

ही युक्ती काही माझी नव्हे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या अमेरिकन बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान पोराची भीती अशीच घालवली. पोरगं आवडीचं खात बसलं की ससा लांबून दाखवायचा आणि रडू येणार नाही इतपतच जवळ आणायचा. घाई केली तर उलटं होतं, खाण्याचीच धास्ती बसते.

काशीला काठीवाल्या माणसांची फार दहशत. आणि आमच्याकडं व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात सकाळी फिरायला येणारी निम्मी म्हातारी मंडळी काठी घेऊन येतात, ती भटक्या कुत्र्यांसाठीच! मी तिला घेऊन लांब, रस्त्याच्या पलीकडं उभा राहायचो. काठी दिसली की कलेजीचा तुकडा, काठी दिसेनाशी झाली की कलेजी बंद. बसायला सांगायचं नाही, हात मागायचा नाही, नुसतं द्यायचं. बरेच दिवस काही घडलं नाही. मग एका सकाळी काठीवाले आजोबा दिसले आणि हिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आता दे की म्हणून. पुढच्या दिवसापासून आम्ही चार पावलं अलीकडं उभं राहायला लागलो. कधी तीच चार पावलं परत मागं जावं लागायचं. आदल्या रात्री कुणाच्या वरातीत फटाके उडाले असतील तर सकाळी साधी सायकलही तिला जड जायची.

कुकरचं प्रकरण जास्त किचकट, कारण भात रोज लागतो. शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड केली, माजघरात अगदी बारीक आवाजात लावायची आणि मग चिकन द्यायचं. आधी आवाज, मागून खाऊ, हा क्रम सोडू नकोस. उलटं केलंस तर चिकन दिसलं की आता काहीतरी भयंकर वाजणार, असं त्याच्या डोक्यात बसेल. दरम्यान खरी शिट्टी तिच्या कानावर पडायला नको, नाहीतर सकाळी कमावलेलं दुपारी जातं. म्हणून बायकोनं कितीतरी दिवस भात पातेल्यात शिजवला. "तुमच्या कुत्रीपायी माझा गॅस संपतोय" हे ऐकून घेतलं, पण बेळगावी बासमती पातेल्यातच चांगला होतो हे तिनंच नंतर कबूल केलं. आता शिट्टी झाली की काशी बंबामागं न जाता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते. कुकर आदळला तर मात्र अजून पळते.

शेरू घाबरला की त्याला जवळ घेऊ नकोस, लाड केले की भीती वाढते, असं तुला कुणीतरी सांगितलंय. चुकीचं आहे ते. अंगाला अंग लावून बसायला आला तर बसू दे, पाठीवर हात ठेव. फक्त खाटेखालून ओढून काढू नकोस. ती त्याची हक्काची जागा, तिथं जुनी गोधडी टाक आणि पोरांना तिकडं फिरकू देऊ नकोस. झोप आली नसताना जांभई देणं, सारखं ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, हे कळायला लागलं की अंग चोरायच्या आधीच तुला समजेल.

वळवाच्या पावसापुढं मात्र आमची विद्या थिटी पडते. मोबाइलवरच्या गडगडाटाला काशी ढिम्म असते, पण खऱ्या वळवात अंधारून येतं, वारा सुटतो, दारं आपटतात. ते सगळं कुठून रेकॉर्ड करणार? डॉक्टरांनी भीती कमी करणाऱ्या गोळ्या दिल्यात, त्या आभाळ भरून यायच्या आत द्याव्या लागतात. नुसतं गुंगीचं औषध मागून आणू नकोस. काही औषधांनी अंग लुळं पडतं आणि भीती आत तशीच राहते.

वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांना येतो म्हणालास. जरूर ये, पण काशी त्या दिवसांत घरी नसेल. डॉल्बी छातीत घुमतो तिथं चिकनचं काही चालत नाही, तेव्हा तिला खानापूरला माझ्या मेहुण्याच्या शेतावर सोडतो. तिला बघायचं असेल तर पुढं दोन दिवस राहा. आलास की हेल्मेट बाहेरच काढ, "ये ये" करू नकोस, तिच्याकडं बघू नकोस. तिच्याकडं तोंड न करता कुशीवर वळून खुर्चीत बस आणि माझ्याशी बोलत राहा. वास घ्यायला ती आपणहून येईल. नाही आली तर दुसऱ्या दिवशी येईल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. शेरूचं डोकं काशीसारखं निमुळतं असेल तर गळ्यातल्या पट्ट्यावर विसंबू नकोस, मागं सरकला की डोक्यावरून सटकतो. छातीवरून बांधायचा पट्टा घे, पोटामागं दुसरा बंद असलेला. कोल्हापुरात मिळाला नाही तर छातीचं माप कळव, इथून पाठवतो.