बंध मजबूत, तरी हायड्रोजन सुटतो

संपादक महोदय, स.न.वि.वि.

भाची अकरावीला आहे, तिच्या क्लासच्या छापील नोट्स परवा चाळल्या. पुण्यातला नावाजलेला क्लास, फी विचारू नका. हायड्रोकार्बनच्या धड्यात लिहिलंय की ॲसिटिलीनचा सी-एच (कार्बन-हायड्रोजन) बंध कमकुवत असतो, म्हणून हायड्रोजन पटकन सुटतो, म्हणून ते इथीन आणि इथेनपेक्षा जास्त ॲसिडिक. क्रम बरोबर आहे हो, पण कारण साफ उलटं!

तिघांत सगळ्यात मजबूत बंध ॲसिटिलीनचाच आहे. तो तोडायला मोलमागे साधारण 556 किलोज्यूल लागतात, इथेनला 420 च्या आसपास, आणि लांबीलाही तोच आखूड. पण हे आकडे कधीचे, तर बंध तुटताना कार्बन आणि हायड्रोजन दोघांच्या वाट्याला एकेक इलेक्ट्रॉन आला तर. ॲसिड म्हणून तुटतो तेव्हा प्रोटॉन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन) रिकाम्या हाताने निघून जातो आणि दोन्ही इलेक्ट्रॉन कार्बनच्या गळ्यात पडतात, म्हणजे खरा प्रश्न हा की ही जोडी कुठला कार्बन नीट सांभाळतो. कार्बनची ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉन राहण्याच्या जागा, एस आणि पी या दोन प्रकारांच्या मिश्रणातून बनतात (यालाच हायब्रिडायझेशन म्हणतात). ॲसिटिलीनच्या एसपी ऑर्बिटलमध्ये एसचा वाटा 50 टक्के, इथीनच्या एसपी-टूमध्ये 33, इथेनच्या एसपी-थ्रीमध्ये 25. एसचा वाटा जितका जास्त तितके इलेक्ट्रॉन न्यूक्लियसला चिकटून, म्हणून पीकेए (हा आकडा जितका लहान तितकं जास्त ॲसिडिक) त्याच क्रमाने अंदाजे 25, 44 आणि 50. बास, एवढंच लिहायचं होतं.

आता ॲसिडिक म्हटलं म्हणून लिटमस लाल होत नाही. पाण्याचा पीकेए 15.7, म्हणजे पाणीच ॲसिटिलीनपेक्षा कितीतरी जास्त ॲसिडिक, त्यामुळे कॉस्टिक सोड्याने प्रोटॉन निघत नाही, सोडामाइड लागतं (हे अमोनियाचं सोडियम सॉल्ट, प्रोटॉन घेऊन अमोनिया होतं; अमोनियाचा पीकेए 38, म्हणजे ॲसिटिलीनपेक्षा कमी ॲसिडिक, म्हणून जमतं). हे बघायचं असेल तर भोसरीत एखाद्या जुन्या गॅस वेल्डिंगवाल्याला विचारा. कार्बाइड म्हणजे ॲसिटिलीनचंच कॅल्शियम सॉल्ट, त्यावर पाणी पडलं की पाणी आपला प्रोटॉन देऊन टाकतं, गॅस सुटतो, खाली चुन्याचा पांढरा चिखल उरतो. आणि ॲसिटिलीनच्या लायनीत तांब्याचा पाइप का चालत नाही? तर तांबं त्याच हायड्रोजनची जागा घेतं आणि जे कॉपर ॲसिटिलाइड बनतं ते वाळलं की नुसत्या धक्क्याने फुटतं. मुलांना हे सांगितलं तर धडा पाठ करावा लागणार नाही.

अजून एक, 'एस जास्त म्हणजे ॲसिडिक जास्त' हा नियम प्रत्येक ठिकाणी लावू नका. सायक्लोपेंटाडाइनचा हायड्रोजन एसपी-थ्री कार्बनवरचा, तरी पीकेए 16 च्या आसपास, कारण प्रोटॉन गेल्यावर उरलेलं कड्याचं आयन ॲरोमॅटिक होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सगळ्या कड्यात पसरून ते खास स्थिर होतं. तिथे हायब्रिडायझेशनने उत्तर काढलं तर मार्क गेलेच समजा.

क्लासवाल्यांनी पुढच्या छपाईत ती एक ओळ बदलावी, आणि तुमच्या करिअर पानावर टॉपरांच्या फोटोंमधून जागा उरली तर असं काहीतरीही छापत जा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे