ज्या दुकानदाराने मला कोळंबी विकली नाही, त्यांना

आदरणीय दादा,

गेल्या वर्षी जूनमध्ये, भर पावसात, मी तुमच्या दुकानात शिरले आणि दहा लाल चेरी श्रिंप, म्हणजे काचेच्या टाकीत पाळायच्या इवल्याशा कोळंब्या, मागितल्या. तुम्ही विचारलंत, "टाकी कधी भरली?" मी म्हटलं, "काल." "मग आज नाही देणार," म्हणालात. गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं होतं, तरी.

त्याआधी दुसऱ्या एका दुकानातून आणलेल्या आठ कोळंब्या चार दिवसांत गेल्या होत्या. तिथे मला कुणी काही विचारलं नव्हतं. तुम्ही मात्र तुमच्या चालू टाकीतल्या फिल्टरचा स्पंज काढून माझ्या पाण्याच्या बाटलीत पिळलात. ते काळपट पाणी बघून मी नाक मुरडलं. "हेच तर विरजण," म्हणालात. घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी तसंच विषारी नायट्राइट आणि मग खूपच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू त्यात होते. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, दर रविवारी चाचणी करायची आणि अमोनिया नि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकले की यायचं. मला पाच आठवडे लागले. इतके दिवस मी पाणी आणि मॉस (पाण्यातली शेवाळासारखी वनस्पती) बघत बसले, घरचे हसत होते.

मग तुम्ही दहा दिल्यात. शेजारच्या टाकीतल्या निळ्या पाहून मला त्याही हव्या होत्या. तुम्ही नाही म्हणालात, कारण दोन्ही रंगांची जात एकच. एकत्र ठेवल्या की पिल्लं पुन्हा चीन-तैवानच्या ओढ्यांतल्या मूळ कोळंबीसारखी मातकट होत जातात. त्याही दिवशी तुमची विक्री बुडाली.

माझे फोन आठवतात का तुम्हाला? पहिल्यांदा मी रडवेली होऊन सांगितलं, की एक मेलीय, पांढरी पडलीय. तुम्ही म्हणालात, उजेडात धरून बघा, आत पोकळ आहे का. पोकळच होती. ती कात होती! "काढू नका, त्या खातात, त्यातलं कॅल्शियम त्यांनाच लागतं." दुसऱ्यांदा सगळे नर टाकीभर सैरावैरा पोहत होते. मला वाटलं, पाण्यात काहीतरी गेलंय. तुम्ही एवढंच विचारलंत, "कुणी मादीने कात टाकली का?" टाकली होती. कात टाकल्याबरोबर मादीचा गंध पाण्यात पसरतो आणि नर तिला शोधत सुटतात.

पण सप्टेंबरमधल्या त्या सकाळबद्दल मला खास लिहायचं आहे. तळाशी सहा पडल्या होत्या. पाणी तेच, खाद्य तेच, चाचण्या स्वच्छ. तुम्ही फोनवर एकेक गोष्ट विचारत गेलात आणि शेवटी म्हणालात, "रात्री डासांसाठी काय लावता?" डेंग्यूच्या भीतीने आम्ही आदल्याच रात्री मशीन लावलं होतं, टाकीपासून दोन हातांवर. त्यातलं औषध कीटकांसाठी बनवलेलं असतं आणि कोळंबी ही कीटकांचीच नातेवाईक. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे रात्रभर मीच ते टाकीत फुंकत होते. तुम्ही मला बोल लावला नाहीत. तुमचीही एक टाकी अशीच गेली होती, हे सांगितलंत. तेव्हापासून आमच्याकडे मच्छरदाणी आहे.

उरलेल्या चारांपैकी एक कात टाकताना अडकली, मानेजवळ पांढरी रेघ येऊन मेली. तेव्हा तुम्ही टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारं मीटर घेऊन स्वतः मुलुंडला घरी आलात. नळाचं पाणी ७२ दाखवत होतं. तलावाचं हे मृदू पाणी आपल्याला गोड लागतं, पण कवच बांधायला त्यात क्षार पुरत नाहीत. क्षारांची पूड थोडी थोडी वाढवत जीएच (पाण्याचा कठीणपणा) सहावर आणि टीडीएस १८० वर आणायचा, एका दिवसात नाही, हे तुम्ही वहीवर लिहून दिलंत. तो कागद अजून टाकीच्या मागच्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

डिसेंबरमध्ये एका मादीच्या मानेमागे पिवळं खोगीर दिसलं, म्हणजे आत तयार होणारी अंडी. काही दिवसांनी तीच अंडी पोटाखाली आली आणि ती पोहण्याच्या पायांनी त्यांना सतत वारा घालत राहिली. २८व्या दिवशी मॉसमध्ये दोन मिलीमीटरची, हुबेहूब आईसारखी पिल्लं. मी १९ मोजली. अळीची अवस्थाच नाही, जन्मल्यापासून स्पंज खरवडत बसलेली. फिल्टर स्पंजाचाच घ्या असा तुमचा हट्ट का होता, ते तेव्हा कळलं, नाहीतर सगळी आत ओढली गेली असती.

आज टाकीत शंभराच्या वर असतील. सोसायटीतल्या देशी बदामाचं वाळकं पान टाकलं की दोन दिवसांत जाळी उरते.

दादा, तुमच्या प्रत्येक 'नाही'बद्दल मनापासून आभार. येत्या रविवारी अकराच्या सुमारास वीस गडद लाल निवडून आणते आहे. या वेळी पैशांची गोष्ट काढू नका. पिशवीत मॉस घालीन, वाटेत धरायला त्यांना काहीतरी लागतं असं तुम्हीच सांगितलं होतं.

तुमची,
मुलुंडची ताई