जुन्या पोलिसी मालिकांचा संयम

महोदय,

मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ आठवते, तेव्हा गुन्ह्यापेक्षा त्यामागचा चिकाटीचा तपासच डोळ्यांसमोर येतो. पुढे ‘सीआयडी’ घडवणारे बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम त्या मराठी मालिकेतही होते. कविता चौधरी यांच्या ‘उडान’ने तर, पोलिसी गणवेश मिळवण्यासाठी एका मुलीला किती झगडावे लागते, हे १९८९ मध्ये कोणताही भडकपणा न करता दाखवले. आजच्या वेबमालिकांचे चित्रण निःसंशय सरस असते. परंतु रक्तपात आणि शिवीगाळ यांतच त्या इतक्या रमतात की, साक्षीदाराच्या जबानीतली विसंगती हेरण्याचा आनंद प्रेक्षकाला मिळतच नाही. सह्याद्री वाहिनीने ‘एक शून्य शून्य’चे उपलब्ध भाग पुन्हा दाखवावेत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, दादर, मुंबई