माउंट घेण्याआधी वजनकाटा काढ

नागपूर,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय सुध्या,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. पुण्याचं बिऱ्हाड आवरून तू बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला येतोस, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पहिले चार दिवस इकडेच मुक्काम करायला सांग, नाहीतर मी बोलणार नाही." ते तू आणि ती बघून घ्या. बदलीवर तू चार ओळी लिहिल्यास आणि माउंटवर, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या स्टँडवर, अडीच पानं, म्हणून मीही माउंटकडेच वळतो.

तुझा तक्ता पाहिला. एकीकडे स्काय-वॉचरचा ईक्यू६-आर, दुसरीकडे झेडडब्ल्यूओचा एएम५, आणि समासात पेन्सिलीनं, "एचईक्यू५ घेतला तर कमीपणा होईल का?" कमीपणा कसला बे! माझ्या गच्चीवर तोच, स्काय-वॉचरचा धाकटा, आहे आणि अजून तरी कुठल्या ताऱ्यानं तक्रार केली नाही. असो. तक्त्यात किंमत आहे, भारक्षमता आहे, गो-टू (तारा आपोआप शोधायची सोय) आहे, रंगसुद्धा आहे. दोन रकाने मात्र नाहीत: तुझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा किती भाग पाहतो, आणि हे सगळं सामान जिन्यावरून कोण उचलणार. माझ्या मते निवड याच दोन गोष्टींवर होते. बाकीचे रकाने दुकानदाराच्या सोयीचे.

पहिला हिशेब सोपा आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घे, त्याला २०६ नं गुण आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या फोकल लेंथनं भाग. तुझी ७२ मिमीची दुर्बीण ४२० मिमी फोकल लेंथची आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, म्हणजे एका पिक्सेलला सुमारे १.९ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). आकाश दर सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. मोटर बंद असेल तर एका सेकंदात तारा जवळजवळ आठ पिक्सेल पळतो, आणि तू तर तीन-तीन मिनिटांची एक्स्पोजर घ्यायची म्हणून राहिला. आता त्याच कॅमेऱ्याला तुझ्या स्वप्नातली आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, लाव. तिची फोकल लेंथ १००० मिमी, म्हणजे पिक्सेलला ०.८ आर्कसेकंद. माउंटची जी चूक आज एका पिक्सेलमध्ये लपते, ती तिथं अडीच पिक्सेल पसरून दिसेल. आणि मिळेल काय? आपल्याकडे हवेच्या हालचालीनं ताराच दोन ते चार आर्कसेकंद फुगलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत तर दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो आणि दुर्बीण नेमकी त्यावरच उभी असते. ०.८ आर्कसेकंदाची बारकाई नागपूरच्या गच्चीवर बहुतेक रात्री हवेतच विरून जाते.

म्हणून आठ इंची सध्या मनातून काढ. ती नळी वाऱ्याला आडवी येते, थरथरते, आणि तिच्या हट्टापायी माउंट दुप्पट वजनाचा घ्यावा लागतो. तू माउंट आत्तासाठी घेतो आहेस की पाच वर्षांनंतरच्या दुर्बिणीसाठी, हे एकदा स्वतःला विचार.

आता माउंटच्या पोटातलं. एचईक्यू५, ईक्यू६ हे वर्म गिअरचे. एका चाकाला एक स्क्रू फिरवतो. एचईक्यू५ च्या चाकाला १३५ दाते, म्हणून स्क्रूचा एक फेरा सुमारे ६३८ सेकंदांचा. ईक्यू६ ला १८० दाते, फेरा ४७९ सेकंदांचा. स्क्रू कितीही नीट कातला तरी त्यात किंचित वाकडेपणा राहतो आणि प्रत्येक फेऱ्यात माउंट थोडा पुढे-थोडा मागे होतो, जुन्या सायकलचं चाक दर फेऱ्याला ब्रेकला घासतं तसा. यालाच पीरिऑडिक एरर म्हणतात. समज ही चूक अधिक-उणे १५ आर्कसेकंद आहे आणि फेरा ६३८ सेकंदांचा. तर त्या फेऱ्यातल्या सगळ्यात वाईट मिनिटात तारा सुमारे ९ आर्कसेकंद सरकेल, म्हणजे तुझे साडेचार पिक्सेल. तारे लांबट. पण फेऱ्याच्या दोन्ही टोकांना, जिथं चूक दिशा बदलते, तिथं एखादं मिनिट जवळजवळ स्थिर मिळतं. गाइडिंगशिवाय, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यानं तारा बघत माउंट सावरल्याशिवाय, काढलेल्या फोटोंमध्ये काही फ्रेम सुरेख आणि काही कचरा का निघतात, त्याचं कारण हेच.

एएम५ चा कारभार वेगळा. त्यात स्ट्रेन वेव्ह गिअर आहे. आत एक लवचिक दातेरी वाटी असते, तिला लंबगोल कॅम आतून दाबत फिरवतो, आणि बाहेरच्या कड्यापेक्षा वाटीला दोन दाते कमी असल्यामुळे कॅमच्या एका फेऱ्यात वाटी फक्त दोन दात्यांइतकीच सरकते. १९५०च्या दशकात मसर नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं हे शोधलं, आणि अपोलोच्या चांद्रगाडीच्या चाकांतही हेच गिअर होते. एवढ्याशा डब्यात प्रचंड रिडक्शन (वेग घटवणं), दात्यांमध्ये ढिलाई जवळजवळ नाही, आणि जोर इतका की काउंटरवेटशिवाय (समतोलाच्या वजनाशिवाय) १३ किलो पेलतो. डोकं, म्हणजे तिपाईवरचा भाग, अवघं ५ किलोचं.

फुकट मात्र काही मिळत नाही, बाप्पा. याचीही पीरिऑडिक एरर अधिक-उणे २० आर्कसेकंदांपर्यंत असते, आणि तिचा आलेख वर्मसारखा गुळगुळीत नसतो, त्यात छोटे-छोटे झटके असतात. त्यामुळे गाइडिंग इथं ऐच्छिक विषय राहत नाही. बाजूला छोटी गाइड दुर्बीण, तिच्यामागे छोटा कॅमेरा, आणि पीएचडी२ या गाइडिंगच्या प्रोग्रॅमला अर्ध्या ते एक सेकंदानं ताऱ्याची जागा बघत राहायला लावायचं. वर्म माउंटला दोन-तीन सेकंदांचं गाइड एक्स्पोजर चालून जातं. याला तेवढी सवड देऊ नकोस. गाइड कॅमेऱ्याची केबल रात्री निसटली तर माझ्या एचईक्यू५ वर निम्म्या फ्रेम तरी वाचतील, तुझ्या एएम५ वर फार थोड्या. केबल बांधून ठेवायची सवय आत्तापासून लाव.

अल्ट-अझिमथ माउंटबद्दलही विचारलंस. गिरवलीला आयुकाची २ मीटरची दुर्बीण पाहून आलास आणि "एवढी मोठी दुर्बीण त्यावर चालते, मग माझी काऊन नाही?" असा तुझा सवाल. तिथं कॅमेराच फिरवणारी यंत्रणा बसवलेली आहे, म्हणून चालतं. आपण नुसतं वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवून ताऱ्यामागे गेलो तर मधला तारा जागेवर राहतो, पण भोवतालचं दृश्य गोल फिरतं. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर केला की ही कटकटच उरत नाही. १८२४ मध्ये फ्राउनहोफरनं डोरपाटच्या वेधशाळेसाठी घड्याळाच्या यंत्रावर चालणारी दुर्बीण याच जातीच्या माउंटवर बसवली होती. आपण अजून त्याच घराण्यातले, फक्त घड्याळ चालवणाऱ्या वजनाऐवजी बॅटरी आली.

पोलर अलाइनमेंटची, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्याची, तू धास्ती घेतली आहेस, ती सोड. नागपूर २१ अंशांवर, म्हणून ध्रुवतारा इथं क्षितिजावर साधारण २१ अंश दिसतो. पुण्याहून अडीच अंश वर, तेवढाच फायदा. तरीही उत्तरेला शेजाऱ्याची चार मजली इमारत असेल तर ध्रुव तिच्या टाकीमागे गेलाच. तो नेमका ध्रुवावर नाही, पाऊण अंशाच्या आत राहून त्याभोवती फिरतो, हे तुला माहीत आहे. माउंटच्या पोलर स्कोपमध्ये त्याची जागा आखलेली असते. इतक्या खाली वातावरण प्रकाश वाकवतं आणि ध्रुवाला अडीच आर्कमिनिटं (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) उचलून दाखवतं. लोक यावर रात्र-रात्र वाद घालतात. हिशेब कर: अडीच आर्कमिनिटांच्या चुकीनं जास्तीत जास्त सरकणं मिनिटाला ०.६५ आर्कसेकंद, म्हणजे तुझ्या पिक्सेलचा एक तृतीयांश. गाइडिंग ते सहज खाऊन टाकतं. आणि ध्रुव दिसतच नसेल तर एन.आय.एन.ए. या प्रोग्रॅममध्ये तीन जागांचे फोटो घेऊन अलाइनमेंट करायची सोय आहे. ती आकाशाच्या कुठल्याही मोकळ्या तुकड्यावर चालते, दक्षिणेकडच्या बाल्कनीतूनसुद्धा.

आपल्या अक्षांशाची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती माहितीपत्रकात सापडत नाही. अक्ष इतका आडवा झुकला की काउंटरवेटचा दांडा उत्तरेकडे लांब जाण्याऐवजी जवळजवळ सरळ खाली लोंबतो, आणि तिपाईचा एक पाय उत्तरेलाच असतो. दांडा लांब केला की वजन त्या पायाच्या अंगावर जातं. ईक्यू६ सारखा घेतलास तर तिपाई आणि डोक्यामध्ये छोटा खांब लाव. एएम५ ला काउंटरवेट लावलाच नाहीस तर हा प्रश्न येत नाही, पण मग सगळा भार एका बाजूला येतो. तिपाई अरुंद असली तर दुर्बीण पूर्वेला किंवा पश्चिमेला आडवी असताना कलंडायची भीती असते. पायांच्या मधोमध पाण्याचा पाच लिटरचा कॅन लटकवायचा, काम भागतं.

आता दुसरा रकाना. ईक्यू६-आर चं डोकं १७.३ किलो, तिपाई ७.५ किलो, पाच-पाच किलोची दोन काउंटरवेट. झाले जवळजवळ ३५ किलो. तुझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, आणि रात्री दहानंतर गच्ची बंद असं तूच लिहिलंस. म्हणजे तिथं माउंट कायमचा मांडून ठेवणं होणार नाही. दर वेळी तीन खेपा वर, तीन खेपा खाली. पहिल्या हिवाळ्यात हौस असते. दुसऱ्या हिवाळ्यात माणूस खिडकीतून आकाश बघतो आणि म्हणतो, आज ढग येतील बहुतेक.

शिवाय शहरातलं आकाश. शहराच्या दिव्यांचा बराच उजेड अडवणारा डबल-बँड फिल्टर लावून मृगाचा तेजोमेघ गच्चीवरून छान येतो, पण देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भुजांना आणि आकाशगंगेतल्या काळ्या धुळीला अंधारच लागतो. तो आपल्याला जवळ आहे. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी, वाघोली या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले. जबलपूर रस्त्यानं निघालास तर दीड-दोन तासांत सिल्लारी. रात्रीचे जंगलाचे नियम असतात, रस्त्याच्या कडेला कुठंही तिपाई मांडता येत नाही, म्हणून मुक्कामाच्या आवारातच जागा ठरवून जायचं. एप्रिलमध्ये जाऊ. दक्षिण क्षितिज मोकळं मिळालं तर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दाखवतो. उत्तरेला ध्रुव जितका वर, जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत तो दक्षिणेला चढतो. दिल्लीवाल्यांना तो इतका वर कधीच मिळत नाही.

तर माझा कौल: तू एएम५ घे, किंवा त्याच जातीचा दुसऱ्या कंपनीचा मिळाला तर तो. गच्चीवर स्वतःचा पक्का खांब उभारता आला असता तर मी डोळे मिटून ईक्यू६-आर म्हटलं असतं. वर्म गिअर दुरुस्त करायला सोपा, बेल्ट-बेअरिंग आपल्या हातानं बदलता येतं, आणि एकदा नीट बसवला की वर्षानुवर्षं चालतो. एचईक्यू५ मधोमध पडतो. पैसे ताणले जात असतील तर तोही चालेल, पण वजन त्यालाही आहे. महागड्या एन्कोडरवाल्या (अक्ष किती फिरला ते मोजणाऱ्या) माउंटांची पानं मात्र बंद करून ठेव. ते गाइडिंगशिवाय चालतात हे खरं, पण ते वेधशाळेच्या खांबासाठी असतात, तिसऱ्या मजल्यासाठी नव्हेत.

वाचलेले पैसे गाइड कॅमेरा, १२ व्होल्टची चांगली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि लेन्सवर दव धरू न देणाऱ्या तापत्या पट्ट्यांवर घाल. डिसेंबरात पेंचला पहाटे इतकं दव पडतं की माउंटपेक्षा या पट्ट्याच बॅटरी जास्त पितात. भारक्षमतेचा आकडा छायाचित्रणासाठी अर्धा ते दोन तृतीयांशच धर, हा जुना नियम. तुझं सामान त्यात आरामात बसेल असं वाटतं, पण अंदाजावर नको.

म्हणून ऑर्डर देण्याआधी दुर्बीण, कॅमेरा, गाइड दुर्बीण, क्लॅम्प, सगळं एकत्र ठेवून वजन कर आणि मला कळव. दुर्बिणीखालची पट्टी अरुंद विक्सेन जातीची आहे की रुंद लॉसमँडी जातीची, तेही बघ. वरचा क्लॅम्प त्यावर ठरेल. वजनकाटा नसेल तर वहिनीला विचार, प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा असतो, तो चालेल. आणि आईचा निरोप विसरू नकोस. पहिल्या सकाळचे तर्री-पोहे माझ्याकडून.

तुझाच,
बाळू